झाकणामागची संहिता

१

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या घरचे वॉशिंग मशीन अचानक मुके झाले. बटण दाबले तरी दिवा लागेना. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून एक तरुण आला. त्याने वरचे झाकण काढले, मीटरच्या दोन पिना दोन ठिकाणी टेकवल्या आणि निकाल दिला, "सर, बोर्ड गेलंय." बोर्डातले नेमके काय गेले, असे विचारल्यावर तो प्रांजळपणे म्हणाला, "ते आम्हालाही सांगत नाहीत. बोर्ड बदलायचं, एवढंच." नव्या बोर्डाची किंमत साडेचार हजार रुपये होती. जुने बोर्ड हातात घेऊन पाहिले, तर त्यावरचे काहीच ओळखू येत नव्हते. सगळे सुटे भाग दुधट, रबरासारख्या रेझिनच्या थराखाली गाडलेले होते.

'बोर्ड गेलं' हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. ते उच्चारले गेले की संभाषण संपते. उरतो तो फक्त पैशांचा प्रश्न. मराठीत माणूस 'जातो' तसे बोर्डही 'जाते', आणि दोन्ही प्रसंगी फार खोलात शिरून चौकशी करणे शिष्टाचाराला धरून नसते. आमचा व्यवसाय शब्दांचा असल्यामुळे ह्या वाक्याने आम्हांला अस्वस्थ केले. आमच्या लहानपणीचा रेडिओ मेकॅनिक असे बोलत नसे. 'कंडेन्सर लीक आहे', 'औटपुटचा व्हॉल्व्ह वीक झालाय', 'इथं ड्राय सोल्डर आहे', असे तो म्हणे. म्हणजे तो बिघाडाचे नाव घेई आणि त्याची जागाही बोटाने दाखवी. बिघाडाचे नाव घेण्यापासून बोर्डाच्या मृत्यूची वार्ता देण्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, ह्याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : घरातले यंत्र ही एके काळी वाचता येणारी वस्तू होती. ती अवाच्य झाली ती केवळ तंत्रज्ञान गुंतागुंतीचे झाले म्हणून नव्हे. ते वाचण्याचा अधिकार कोणाला असावा, ह्याविषयी वेळोवेळी जे निर्णय घेतले गेले, त्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. म्हणूनच घरगुती दुरुस्तीचा इतिहास हा साक्षरतेच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित अध्याय आहे, असे आम्हांला वाटते.

२

भारतातले नियमित नभोवाणी प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झाले. रेडिओ बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. ह्या काळात जगभरच ऐकणारा आणि जोडणारा हे दोन वेगळे इसम असतीलच असे नव्हते. गॅलेनाचा खडा, त्याला टेकवलेली बारीक तार, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्या सामग्रीवर स्थानिक केंद्र ऐकता येई, आणि ही सामग्री जोडण्याची कृती छापील स्वरूपात उपलब्ध असे. इंग्लंडात १९३२ मध्ये निघालेले 'प्रॅक्टिकल वायरलेस' हे नियतकालिक अशाच हौशी वाचकांवर उभे राहिले. ऐकायचे तर आधी आकृती वाचायला शिकायचे, अशी ती शिस्त होती.

पुढे व्हॉल्व्हचे तयार संच दुकानांत आले, तरी ही वाचनीयता लगेच संपली नाही. व्हॉल्व्ह हा काचेचा, सॉकेटमध्ये बसणारा आणि विजेच्या दिव्याप्रमाणेच कधी तरी संपणारा भाग होता. आतला तंतू लालसर दिसला नाही की कोठे पाहायचे ते कळे. कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो, ह्याचा तक्ता अनेक संचांच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवलेला असे. काहींत संपूर्ण सर्किटची आकृती घडी घालून ठेवलेली असे. उत्पादकाने गृहीतच धरले होते की झाकण उघडले जाणार, आणि उघडणाऱ्याला वाचायला काही तरी लागणार.

अमेरिकेत ह्या वाचनाला ग्रंथरूप मिळाले. न्यूयॉर्कच्या जॉन रायडर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंच्या आकृत्या गोळा करून त्यांचे जाडजूड खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात हे खंड शब्दकोशासारखे वापरले जात. पण ह्याच काळात दुकानाविषयीचा अविश्वासही वाढत होता. १९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'साठी रॉजर विल्यम रीस आणि जॉन पॅट्रिक ह्या लेखकांनी एक पाहणी केली. धडधाकट रेडिओतली एखादी तार सुटी करायची किंवा व्हॉल्व्ह सैल करायचा आणि तो संच गावोगावच्या दुकानांत दुरुस्तीला द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. निम्म्याहून अधिक दुकानदारांनी नको ते भाग बदलल्याचे सांगितले किंवा अवाच्या सवा बिल लावले, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ज्याला वाचता येत नाही त्याला फसवणे सोपे असते, हे आपल्याकडच्या सावकारी दस्तऐवजांच्या इतिहासावरून आपणांस ठाऊकच आहे.

एप्रिल १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत नागरी वापराच्या रेडिओंचे उत्पादन थांबले. आहे तो संच टिकवणे भाग पडले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, इंडियानापोलिसच्या हॉवर्ड सॅम्स यांच्या प्रकाशनसंस्थेने 'फोटोफॅक्ट' ही मालिका सुरू केली. तिचे वेगळेपण आमच्या वाचकांना विशेष भावेल. रायडर यांचा भर कंपन्यांच्या आकृत्यांवर होता. सॅम्स यांच्या लोकांनी प्रत्यक्ष संच उलगडायचा, त्याची छायाचित्रे घ्यायची, ठिकठिकाणचे व्होल्टेज आणि रोध मोजायचे आणि त्यावरून एकाच चिन्हव्यवस्थेत नवी आकृती काढायची, असा शिरस्ता ठेवला. उत्पादकाच्या शब्दावर न विसंबता वस्तूकडूनच तिचा पाठ निश्चित करायचा, ही भूमिका पाठचिकित्सेची आहे. पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. त्या दोन कामांची तोलामोलाने तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु 'पाठ हा पुराव्याने ठरतो, अधिकाराने नव्हे' हे तत्त्व दोन्हींकडे समान आहे.

१९४७ मध्ये हीथ कंपनीने ऑसिलोस्कोपचे सुटे भाग आणि जोडणीची पुस्तिका एका खोक्यात घालून स्वस्तात विकायला काढली. युद्धातून उरलेल्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीमुळे ही किंमत परवडत होती. 'हीथकिट'च्या पुस्तिकेत प्रत्येक कृतीपुढे एक रिकामा कंस असे. ती कृती पुरी झाली की वाचकाने त्यात खूण करायची. ही पुस्तिका वाचून आपला रेडिओ किंवा टीव्ही जोडणाऱ्याला तो बिघडल्यावर दुकानात जाण्याची फारशी गरज उरत नसे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत आणि किराणा भांडारांत व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे उभी होती. घरचे व्हॉल्व्ह पिशवीत घालून न्यायचे, स्वतःच एकेक तपासायचे आणि गेलेला तेवढा नवा घ्यायचा.

३

आपल्याकडे ह्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार चित्र आहे, त्यात दुरुस्ती ही स्वतंत्र खरेदीची गोष्ट म्हणून येत नाही. सुताराने औत नीट करून द्यायचे, लोहाराने फाळ ठोकून द्यायचा, आणि सुगीला आपला वाटा न्यायचा. दुरुस्तीचे ज्ञान हातात होते आणि तो हात जातीने ठरलेला होता. लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांनी ह्या ज्ञानाची नोंद ठेवण्याची गरज मानली नाही. हात आणि अक्षर यांची ही फारकत आपल्या समाजाच्या इतिहासात फार जुनी आहे.

रेडिओ ह्या व्यवस्थेत बसत नव्हता. त्याचा कोणी बलुतेदार नव्हता. डाख लावण्याचे कसब तांबट-कासारांच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या होते, पण व्हॉल्व्हच्या प्लेटवर किती व्होल्ट असावेत हे कोणाच्याच घराण्यात चालत आलेले नव्हते. ते शिकायचे तर कागद वाचायला हवा किंवा वाचणाऱ्या उस्तादाजवळ बसायला हवे. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हा मार्ग अधिक लोकांना खुला झाला. ह्या क्षेत्रात जातिभेद शिरलाच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; पण 'हे काम अमक्याचेच' असे सांगणारी परंपरा येथे तयार नव्हती, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात सुट्या भागांचे बाजार वाढले. रेझिस्टन्स, कॉइल, गँग कंडेन्सर, स्पीकर असे एकेक घेऊन 'असेंबल्ड' सेट बांधणारे हौशी आणि व्यावसायिक ह्या गल्ल्यांत एकाच काउंटरवर उभे असत. १९६९ पासून दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक निघू लागले आणि त्यातल्या आकृत्या कापून ठेवणारा एक वर्ग तयार झाला. दुकानात शिकणारा पोरगा आधी चहा आणी, मग स्क्रू काढी, मग डाख लावी; आकृती समजून घ्यायची पाळी सर्वांत शेवटी येई. तरीही ती येई. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बुधवारी संध्याकाळी 'बिनाका गीतमाला' लागे. बुधवारी दुपारी सेट बंद पडला, तर अख्खा वाडा मेकॅनिकच्या पाठीमागे उभा राहून त्याचे काम पाही. बघ्यांनाही त्यातून थोडे फार कळत असे. मीटर नसलेल्या घरातही साठ किंवा शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडून यंत्र लावावे, दिवा भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे असे समजावे, ही युक्ती अशाच पाहण्यातून घरोघरी पसरली.

येथे भाषेची एक नोंद केली पाहिजे. आज इंग्रजीत रूढ असलेल्या 'कपॅसिटर' ह्या शब्दासाठी मराठी विश्वकोशात 'धारित्र' हा शब्द वापरला आहे. शब्द सुबक आहे आणि आम्हांला आवडतोही. पण बुधवार पेठेत 'धारित्र' मागणारा गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलेला नाही. तेथे शब्द आहे तो 'कंडेन्सर'. गंमत अशी की इंग्रजी तांत्रिक लेखनाने हा शब्द केव्हाच मागे टाकला. आपल्या मेकॅनिकच्या बोलीने मात्र तो जपून ठेवला. ज्या हाताला वस्तू ठाऊक होती त्याच्याकडचा शब्द ग्रंथात गेला नाही, आणि ग्रंथाने जो शब्द घडवला तो त्या हातापर्यंत पोहोचला नाही. मराठीत विज्ञानविषयक लेखन कमी आहे अशी खंत आपण परिसंवादांतून व्यक्त करतो, तेव्हा ही दुसरी मराठी आपल्या हिशेबात नसते.

४

'बोर्ड गेलं' ह्या वाक्याची तयारी १९६० च्या दशकातच सुरू झाली. १९६७ मध्ये मोटोरोलाने 'क्वेझार' हा टीव्ही बाजारात आणला. त्याचे सर्किट लहान लहान तबकड्यांत विभागून पुढच्या बाजूने ओढता येणाऱ्या खणात बसवले होते. बिघडलेली तबकडी काढायची आणि नवी बसवायची, की काम झाले. दुरुस्ती सोपी झाली, असा त्याचा प्रचार होता आणि तो खोटा नव्हता. परंतु ह्या सोपेपणात दुरुस्तीचे एकक बदलले. आतापर्यंत बिघाड एका भागाचा असे. आता तो संपूर्ण तबकडीचा झाला. तबकडीच्या आत काय बिघडले, हे जाणून घेण्याचे कारण उरले नाही. साहित्याच्या भाषेत बोलायचे, तर अशुद्ध शब्द दुरुस्त करण्याऐवजी पानच फाडून नवे पान चिकटवण्याची ही पद्धत होती.

दुसरे वळण ह्याहून खोल होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७४ मध्ये विक्रीला आणलेल्या टीएमएस १००० सारख्या मायक्रोकंट्रोलरमुळे घरगुती यंत्राचे वर्तन तारांच्या जोडणीतून निघून चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये गेले. जुन्या वॉशिंग मशीनचा टायमर उघडला तर दातेरी चकत्या दिसत. कोणता खाच कोणता संपर्क किती वेळ जोडतो, हे डोळ्यांनी वाचता येई. नव्या यंत्रात पाणी केव्हा भरायचे, ड्रम किती वेळा फिरवायचा, दार केव्हा सोडायचे, हे सगळे एका काळ्या चौकोनाच्या आत लिहिलेले असते. तारांची आकृती हाती असली तरी तो चौकोन ती उलगडून दाखवू शकत नाही. संहितेच्या आत दुसरी संहिता आली, आणि ही दुसरी कोणी छापली नाही.

हे सारे केवळ कारस्थान होते असे मानू नये. व्हॉल्व्हचा रेडिओ वारंवार बिघडे. आजचे बोर्ड वर्षानुवर्षे चालते. बोर्डावर ओतलेले रेझिन पाण्यापासून, साबणाच्या वाफेपासून आणि झुरळांपासून त्याचे रक्षण करते. जेथे मजुरी महाग, तेथे दोन तास बसून एक कंडेन्सर शोधण्यापेक्षा बोर्ड बदलणे हिशेबाला परवडते. पण त्या हिशेबाला आपल्या देशात तोच अर्थ आहे का, हे कोणी विचारले नाही. तो यंत्राबरोबर आयात झाला. शिवाय विश्वासार्हतेची ही ग्वाही नेहमीच खरी ठरली असेही नाही. १९९९ ते २००७ ह्या काळात बनलेल्या असंख्य संगणकांत आणि इतर उपकरणांत सदोष रसायन भरलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बसवले गेले. काही वर्षांतच ते फुगले, फुटले, पाझरले. ह्या आपत्तीतून एक अनपेक्षित शिक्षण घडले. फुगलेला कंडेन्सर डोळ्यांना दिसतो. तो ओळखायला मीटर लागत नाही. त्यावर छापलेले दोन आकडे वाचून तसाच नवा आणायचा, ऋण आणि धन टोके नीट पाहायची आणि डाख लावायचा, एवढे पुरत असे. इलेक्ट्रॉनिक्सचा गंधही नसलेल्या कित्येकांनी ह्या काळात आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरले. नाव घेता येईल आणि जागा दाखवता येईल असा बिघाड पुन्हा एकदा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

५

ह्या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक भाग कायद्याचा आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा असा आहे. यंत्रातला प्रोग्रॅम हे 'लेखन' आहे, म्हणून त्याला लेखनहक्काचे संरक्षण आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये ह्या हक्काचा जो नवा कायदा झाला, त्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला. डोळ्यांपुढे होती ती पुस्तके, गाणी आणि चित्रपट. प्रत्यक्षात त्याचा आधार घेऊन एका कंपनीने प्रिंटरच्या टोनरच्या डबीसाठी आणि दुसरीने गॅरेजचे दार उघडणाऱ्या रिमोटसाठी प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचले. २००४ मध्ये दोन्ही प्रकरणांत अपील न्यायालयांनी हा दावा मान्य केला नाही. तरीही प्रश्न मिटला नाही. ह्या कायद्यातून सवलती द्यायच्या की नाहीत, हे दर तीन वर्षांनी तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचा, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसचा, ग्रंथपाल ठरवतो. आपल्या फ्रीजच्या दुरुस्तीसाठी त्यातले डिजिटल कुलूप उघडले तर चालेल, असा निर्णय २०१८ मध्ये ह्या ग्रंथपालांच्या कार्यालयातून निघाला. कुलूप उघडण्याची मुभा मिळाली. त्यासाठी लागणारी किल्ली बनवून दुसऱ्याला देण्याची मात्र मिळाली नाही. भारताच्या लेखनहक्क कायद्यात २०१२ मध्ये डिजिटल कुलपाचे कलम आले. पण कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी कुलूप उघडण्यास ते आड येत नाही, एवढा शहाणपणा त्यात आहे.

मधल्या काळात दुरुस्तीच्या हक्काची मागणी बळावली. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन, फ्रीज, डिशवॉशर ह्यांचे सुटे भाग प्रकारानुसार सात ते दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. हे मोठेच पाऊल होते. पण नियम बारकाईने वाचला, की एक ओळखीची रेषा दिसते. वॉशिंग मशीनच्या दाराचे रबर, बिजागरी, साबणाचा खण हे भाग कोणालाही मिळू शकतात. इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि तारांची आकृती मात्र व्यावसायिक दुरुस्तीकारासाठी राखीव आहे. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२२ मध्ये जो कायदा केला, त्यातून घरगुती उपकरणे वगळली. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया ह्या राज्यांनी २०२३ मध्ये केलेल्या कायद्यांत ती समाविष्ट झाली आणि ते १ जुलै २०२४ पासून अमलात आले. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये ह्या प्रश्नासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे धरली आहेत. कंपन्यांनी माहिती स्वतःहून द्यावी, अशी अपेक्षा आहे. ती माहिती यंत्र विकत घेणाऱ्याच्या भाषेत असावी, ही मागणी मात्र आम्हांला आपणच करावी लागेल.

'राखीव', 'अधिकृत', 'व्यावसायिक' हे शब्द वाचताना मराठीच्या विद्यार्थ्याला आपल्या वाङ्मयाचा आरंभकाळ आठवल्याशिवाय राहत नाही. गीतेचा अर्थ सर्वांना कळेल अशा भाषेत आणण्याचे काम १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने केले. ते करताना ज्या व्यवस्थेला तिला सामोरे जावे लागले, तिचा आक्षेप ग्रंथ समजायला अवघड आहे एवढाच नव्हता. आक्षेप अधिकाराचा होता. 'तुम्हांला हे झेपणार नाही' आणि 'तुम्हांला हे पाहण्याचा अधिकार नाही' ही दोन विधाने बहुधा एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. आमच्याकडे आलेला तो तरुण 'अधिकृत' होता. पण बोर्डाच्या आत पाहण्याचा अधिकार त्यालाही नव्हता. म्हणून घरी दुरुस्ती करू पाहणारा आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक ह्यांना आज प्रतिस्पर्धी समजणे चुकीचे ठरेल. १९४१ च्या अमेरिकेत गिऱ्हाईक विरुद्ध दुकानदार असा तंटा होता. आज दोघेही त्याच रेझिनच्या एकाच बाजूला उभे आहेत.

६

वाचनाचे हे रूपक फार ताणू नये, ह्याचीही आम्हांला जाणीव आहे. कवितेचा चुकीचा अर्थ लावल्याने कोणी मरत नाही. घरातल्या २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश केला, की मुख्य कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तेथे राहू शकतात. मायक्रोवेव्हच्या उच्चदाबाच्या कंडेन्सरवर ह्याच्या कित्येक पट दाब असतो. तो जीवघेणा आहे आणि हौशी माणसाने त्या झाकणाला हात न लावणेच योग्य. उत्पादक सुरक्षिततेचे कारण पुढे करतात ते पोकळ नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. जेथे धोका आहे, तेथे तो कोठे आहे हे ठळकपणे छापले पाहिजे. आकृती दडवल्याने झाकण उघडण्याचे थांबत नाही. ते अंधारात उघडले जाते, एवढेच.

आमच्या बोर्डाचे काय झाले ते सांगून थांबतो. नवे बोर्ड घेण्यापूर्वी आम्ही जुने बोर्ड घेऊन बुधवार पेठेतल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी ते हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "रेझिन तुम्ही काढा, सर. माझा वेळ त्यात जाईल आणि पैसे तुम्हाला जड होतील. हीटगनने हलकं गरम करा, लाकडी काडीनं खरवडा. घाई केलीत तर पार्ट उपटून येतील." दोन रविवार आम्ही जुन्या पोथीची चिकटलेली पाने सोडवावीत तसे ते खरवडत बसलो. हळूहळू अक्षरे दिसू लागली : एक डायोड, एक रिले, एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. तिसऱ्या रविवारी काकांनी आम्हांला मीटर कोठे टेकवायचे ते दाखवले आणि आकडे आम्हांलाच वाचायला लावले. वीज जेथून आत शिरते, तेथला एक फ्यूजेबल रेझिस्टन्स उघडा पडला होता. त्याच्यापुढचा लहान कंडेन्सर सुकला होता. दोन्ही भाग मिळून पंचवीस रुपयांत आले. डाख आम्ही लावला. तो फारसा देखणा झाला नाही. काकांनी साठ वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडला, आम्हांला दोन पावले मागे उभे केले आणि बटण दाबले. दिवा क्षणभर उजळला, मंद झाला, आणि बोर्डावरचा हिरवा ठिपका लागला.

निघताना आम्ही बोर्डाच्या त्या भागाची आकृती काढून मागितली. काकांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर बॉलपेनने ती काढली. भागांची नावे त्यांच्या मराठीत लिहिली, आणि ज्या दोन टोकांना हात लावायचा नाही तेथे लाल शाईने फुली मारली. बोर्डावर ओलाव्यापासून बचावाचा नवा थर दिला आहे. तो पारदर्शक आहे. आकृतीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. हे झाकण पुन्हा कधी तरी उघडावे लागेल. उघडणारा कदाचित आमच्यापैकी कोणी नसेल.